कुंकू लावलेला घेवडा

हौसाच्या मांडवाभोवती अर्धं वैशाखरे गाव जमलं होतं. तिचा घेवडा दीड महिन्यात मांडवाच्या डोक्यावर गेलेला. कुडाच्या कुंपणाअलीकडे माझा गुडघ्याएवढा होऊन थांबला होता.

"मूठ एक, मंत्र एक," गावाला मंतरलेलं बी वाटणारे बुवा सांगत होते. "मन निर्मळ, तिथे वेल आभाळाला. मनात मत्सर, तिथे खुरटं झुडूप."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हौसा माझी धाकटी जाऊ. "देवकीबाय, मी तुमचं कधी वायट चिंतलं नाय," ती गोड आवाजात म्हणाली.

बुवांनी ठरवलं, चैत्रातल्या सप्ताहात कीर्तनाची आरती हौसा करेल; मी कीर्तनाच्या मांडवाबाहेर बसायचं. अठरा वर्षं आरतीचं तबक माझ्या हातात होतं. पण मत्सर खराच होता. हौसाचा वेल रोज वितीने मोजायची मी. एकदा तर वाटलं, शेळी सोडावी त्यात.

नाताळच्या सुट्टीत हर्षाली आली. माझी लेक, शेतकी कॉलेजात शिकते.

"आई, बुवांचं बी उरलंय?"

"देव्हाऱ्यात पाच दाणे हायत. प्रसाद म्हणून ठेवले."

पाच तिने हौसाकडून आणले. "ने गो, पण आईला शिवू देऊ नको," हौसाने बजावलं.

सगळे दाणे कुंकवाने माखलेले. हर्षालीने दोन वाट्यांत धुतले. हौसाचे निघाले पांढरे, माझे तांबडे.

"दोन वाणं आहेत. पांढरं चढतं, तांबडं झुडूपच राहतं. रंग दिसू नये म्हणून कुंकू."

"पण माझं मन..."

"मनाचं देव बघेल. तू पेर."

एकाच वाफ्यात दोन्ही मीच पेरले, पोटात तोच मत्सर घेऊन. पांढरे काठीवर चढले, तांबडे गुडघ्याशी थांबले.

सप्ताहात हर्षालीने वाळलेली झाडं गावासमोर काट्यावर ठेवली. वेल झुडपांच्या दुप्पट भरले. मग शेंगा सोलून दाणे तोलले. झुडपांचेच मूठभर जास्त. वेलांचा सगळा जोर पाल्यात गेलेला.

"कलियुग, माय," म्हणत बुवा उठले. गावातल्या म्हाताऱ्या धोंडीबाईने त्यांची झोळी धरली. आत दोन थैल्या, एकीत पांढरं बी, दुसरीत तांबडं. घरोघरचा ताळा बसला: बुवांना शिरापुरी वाढणाऱ्या घरांना पांढरं बी मिळालं होतं. मी भाकरी नि वालाचं बिरडं वाढलं होतं.

हौसाने मान खाली घालून तबक पुढे केलं. "दोघी धरू," मी म्हटलं. तबक तिचं, नवं चांदीचं. बघून पुन्हा जळलेच.

तो मत्सर माझा आहे आणि तो घालवायलाच मी कीर्तनाला बसते. घेवड्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणून मायबापहो, कोणी झाडावरून माणसाचं पाप सांगू लागला, तर आधी त्याचं बी धुऊन बघा.