न्हाणीघरात चष्मा नसतो

मला अकरा नंबरचा चष्मा होता. तो काढला की माणसं आवाजावरून ओळखायची, आणि न्हाणीघरात काही कुणी चष्मा घालून जात नाही. कोरियातल्या देगू शहरात, आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात आई दर रविवारी मला हात धरून न्यायची, स्टुलावर बसवायची, माझी पाठ चोळायची. मग मी तिची. चौथीत असताना एकदा मी भलत्याच आजीबाईंची पाठ मन लावून चोळली होती, आणि आई पलीकडे बसून पोट धरून हसत होती. तेव्हापासून मी मागे राहिले की ती हाक द्यायची, "युसॉल, इकडं."

नोकरी लागल्यावर मी डोळ्यांत भिंग बसवून घ्यायचं ठरवलं. लेसरसाठी माझ्या डोळ्याचं पारपटल फार पातळ होतं, म्हणून डॉक्टरांनी मूळ भिंगाच्या पुढे आणखी एक भिंग सरकवायचं सुचवलं. आईच्या जिवाला घोर लागला. त्या दिवशी ती दुकान बंद ठेवून दवाखान्याच्या बाकावर बसली आणि मी बाहेर आले तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त थकलेली दिसत होती. नंतर थेंबही तीच घालायची.

"वर बघ. डोळा मिटलास तर चापट खाशील."

महिनाभर न्हाणीघरात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिना सरल्यावर मी म्हटलं, "चल, आता मी तुला हात धरून नेते." तर तिचे गुडघे दुखायला लागले. पुढच्या रविवारी सर्दी. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणे घरीच आंघोळ उरकली. मला राग आला. इतकी वर्षं मला धरून न्यायची सवय, आता लेक आपली आपण चालते तर हिला करमेना, असं मला वाटलं. तसं मी तोंडावर बोललेही.

"डोळे काय उघडले, जीभही सुटली," एवढंच म्हणून ती भाजी चिरायला बसली.

एका शनिवारी ती बाजारात जाते म्हणून निघाली. गॅलरीत तिची आंघोळीची टोपली नव्हती. चप्पल अडकवून मी तडक तिच्या मागे न्हाणीघरात गेले.

"आत आहे तुझी आई," गल्ल्यावरच्या मालकीणबाई म्हणाल्या. "आज वेगवेगळ्या कशा? भांडलात की काय?"

आतल्या भिंतीवर बगळ्यांचं चित्र आहे हे मला त्या दिवशी कळलं. वाफेतून, थेट पलीकडच्या कोपऱ्यातली आई मला दिसली. कुणी हाक न मारता मी तिला तिथे ओळखलं, पहिल्यांदाच. मला इतका आनंद झाला की मीच हाक मारणार होते. तेवढ्यात तिने डोक्यावर पाणी ओतायला हात वर केला.

डाव्या छातीची एक बाजू आत ओढलेली होती. तिथून काखेपर्यंत एक तिरपा व्रण गेला होता, जुना, पांढुरका झालेला. इतकी वर्षं मी तिची पाठ चोळत होते. पुढचं अंग ज्याचं त्याने धुवायचं असतं.

मी डोळे बारीक केले, हात पुढे धरले आणि भिंत चाचपडत निघाले.

"युसॉल, इकडं," सवयीने तिच्या तोंडून गेलं. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाटकी कुठली. बस."

मी बसले. "कधीचं?"

"तू बारावीला होतीस तेव्हाचं. गाठ होती, काढली. लवकर सापडली. आता काही नाही."

त्या उन्हाळ्यात ती मावशीच्या गावी लसूण काढायला जाते म्हणून गेली होती. येताना आणलेला लसूण बाजारात विकतात तसल्या जाळीच्या पिशवीत होता, आणि मावशी घरचा लसूण द्यायला कंजूष झाली म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं.

"माझ्या डोळ्यांच्या वेळी तू दिवसभर बाकावर बसलीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. "तुझ्या वेळी बाकावर कोण होतं?"

आईने अंग चोळायची खरखरीत हिरवी पिशवी मोज्यासारखी माझ्या हातात चढवली आणि माझ्याकडे पाठ केली.

"तुझं परीक्षेचं वर्ष होतं ना," ती म्हणाली. "चोळ. जोरात चोळ."