बटण आणि कप्तानताई

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे आणि स्वभावाने संशयी आहे. त्यात माझा दोष नाही. कारखान्यात माझ्या कातड्याचे आठ तुकडे जोडल्याबरोबर एका तपासनिसाने मला दाबले, आपटले, कानाशी धरून हवा सुटते का ते ऐकले. जन्मताच ज्याच्यावर संशय घेतला गेला, तो दुसरे काय शिकणार?

पुढे मी एका क्लबच्या महिला संघाकडे आलो. तिथली कप्तानताई चांगली ताडमाड होती. तिने हात वर केला की मी अलगद तिच्या पंजात जाऊन बसे. मग एके दिवशी बूट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी संघात आली. उंचीने इतकी कमी की सगळ्या तिला 'बटण' म्हणू लागल्या. मला पुढे नेऊन कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवण्याचे काम आमच्या प्रशिक्षक सरांनी तिला दिले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तसे तिचे हात वाईट नव्हते. ती मला जमिनीलगत पळवी आणि उंच मुलींच्या कोपराखालून निसटे. पण तिसऱ्या महिन्यात तिने कप्तानताईला उंच पास देणे बंद केले. द्यायचीच वेळ आली तर टप्पा पाडून, कमरेएवढा देई. ताईच्या बास्केट कमी झाल्या. बाकीच्या कुजबुजू लागल्या, "दिसते तेवढी साधी नाही ही. ताईला खाली खेचतेय."

मलाही तसेच वाटले. त्यातच एका दुपारी हॉल रिकामा असताना बटणने ताईचे बूट उचलले, उलटे केले आणि तळव्यांवरून बोट फिरवले. मी कोपऱ्यातून पाहत होतो. आता ही खिळा ठोकणार, अशी माझी खात्रीच झाली! पण तिने बूट होते तसे ठेवले आणि निघून गेली. माझा संशय काही गेला नाही.

राज्याच्या संघाची निवड समिती सामना पाहायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी ताईचा बांध फुटला. "माझी जागा हवीये तुला?"

"तुमची जागा? तिथवर पोहोचायला मला शिडी लागेल, ताई."

"मग पास का देत नाहीस?"

बटणने खाली वाकून ताईच्या बुटांकडे बोट दाखवले. "उजवा तळवा पार झिजलाय. डावा नव्यासारखा. बाबांच्या दुकानात असे बूट खूप येतात. तुमचा डावा गुडघा दुखतोय ना? उंच उडी मारलीत की एकाच पायावर उतरता."

ताई बाकावर बसली. "सरांना सांगितलंस?"

"नाही. ते तुम्हीच सांगायचं."

ताईने त्याच संध्याकाळी सरांना सांगितले. ती सामन्यातून बाहेर बसली आणि पुढे तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तिच्याविना दुसऱ्या दिवशीचा सामना क्लब सपाटून हरला आणि सगळे खापर बटणच्या डोक्यावर फुटले. तरी ती नेहमीच्या वेळी सरावाला आली.

ताई वर्षाने परतली. दोघी पुढे सहा वर्षे एकत्र खेळल्या. त्या काळात समितीने बटणला दोनदा परत पाठवले. कारण एकच, उंची. तिसऱ्या वेळी ताई स्वतः टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मोजून झालं असेल तर आता खेळ बघा." त्यांनी पाहिला. यादीत शेवटचे नाव बटणचे होते.

आता माझे कातडे गुळगुळीत झाले आहे आणि मी कपाटावर पडून असतो. मित्रांनो, तुमच्या चेंडूत वेळेवर हवा भरा, त्याला उन्हात टाकू नका. आणि कुणाबद्दल मनात शंका आली, तर सरळ त्याला विचारा. मी कितीतरी दिवस त्या मुलीला चोर समजत राहिलो. पण मी पडलो चेंडू, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.