मिटलेल्या तोंडापुढचा चमचा

मी एक जुना चांदीचा चमचा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं जाम फिरलेलं आहे. गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

इंदूरच्या सराफ्यातल्या सोनाराने मला घडवलं ते नीरजच्या उष्टावणासाठी. बाळाच्या हिरडीला ओरखडा उठू नये म्हणून माझी कड त्याने पुन्हा पुन्हा घासली, स्वतःच्या ओठावर फिरवून पाहिली. नीरजच्या आईचा, लीलाताईंचा, एकच नियम होता. पोराने मान फिरवली की चमचा खाली. मऊ भात, मुगाचं वरण, भोपळा, घरात जे शिजेल ते नीरज सगळ्यांच्या पंगतीत बसून खायचा. पाहुणे कौतुक करायचे आणि मी उगाच चमकायचो. पुढे नीरज मोठा झाला, लीलाताई गेल्या आणि मी कपाटात पडून राहिलो.

मग नीरजला मुलगी झाली, अबोली. मला घासूनपुसून बाहेर काढलं. वाटलं, आता पुन्हा चांगले दिवस आले. पण या शिकल्यासवरल्या लोकांनी माती खाल्ली!

नीरजचे वडील शरदचंद्र, निवृत्त मास्तर. जन्मात शेवेशिवाय घास घेतला नाही. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, उद्या चहावरही टाकतील. अबोलीने एकदा वरणभात थुंकला, तर यांनी लगेच त्यावर तिखट शेव कुस्करली. "इंदूरची पोरगी आहे भिया. सेव के बिना खाना ही क्या?" सगळे हसले. दात न आलेल्या पोरीला तिखट चारून हसतात, काय म्हणावं यांना!

मग व्हायचं तेच झालं. अबोली शेव चाटायची आणि भात थुंकायची. पुढे शेवेच्या जोडीला मोबाइल आला. डोळे पडद्यावर, तोंडात काय जातंय याचा पत्ता नाही. पोट कडक व्हायचं, सकाळी रडून घर डोक्यावर घ्यायची. एक दिवस तिची आई अमिता ऑफिसच्या घाईत होती. तिने एका हाताने पोरीचे गाल दाबले आणि दुसऱ्या हाताने मला आत कोंबलं. अबोलीचा ओठ फाटला. सोनाराने इतकी जपून घासलेली माझी कड रक्ताने भरली.

तेव्हापासून मला पाहिलं की अबोली दोन्ही हातांनी तोंड झाकायची. काही म्हणता काही खाईना. पोर वाळत चालली.

शेवटी तिला तुकोगंजला डॉक्टर स्मिताजींकडे नेलं. त्यांनी वजन केलं, पोट तपासलं. म्हणाल्या, "जबरदस्ती बंद, फोन बंद. आणि आधी आजोबांच्या ताटातली शेव बंद करा. ती तुमचं बघूनच खाते ना जी."

शरदचंद्र फुगून बसले. "या वयात माझी शेव सोडवता? हद्द झाली."

"बाबा, तिच्या ओठाकडे बघा जरा," अमिता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्या संध्याकाळी सगळे पंगतीत बसले. शरदचंद्रांपुढे भोपळ्याची भाजी, वर काही नाही. अबोलीला कुणी भरवत नव्हतं. मी नुसता तिच्या ताटलीशेजारी पडलो होतो. बऱ्याच वेळाने तिने मला उचललं, भोपळ्याची फोड घेतली आणि आजोबांच्या तोंडाशी धरली.

म्हाताऱ्याने मान फिरवली.

आणि अबोलीने मला खाली ठेवलं. ना गाल दाबले, ना हट्ट केला. जे तिच्याशी कुणी केलं नाही, ते तिने आजोबांशी केलं. मग शरदचंद्रांनी स्वतः ती फोड उचलली आणि कोरीच चावून खाल्ली. अबोली त्यांचं तोंड निरखत होती. तिने एक फोड मुठीत धरली, आपल्या तोंडात घातली आणि गिळली.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर मोठ्यांना माझा निरोप सांगा. आधी स्वतःच्या ताटात बघा. आणि बाळाने मान फिरवली की चमचा खाली ठेवा. अबोली आता थोडं थोडं खाते. पण घास मात्र हातानेच घेते, मला अजून तोंडाला लावत नाही. मग माझा राग कसा जाईल, तुम्हीच सांगा.