तात्यांच्या नावाखालची सही

“ही खालची सही कुणाची?” वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“माझीच,” ताई म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली.

वकीलबाईंनी हातातलं मृत्युपत्र टेबलावर ठेवलं. शेजारी धाकटा भाऊ मोबाइल चाळत होता, त्याचाही अंगठा थांबला.

“घर ज्याला द्यायचं, त्यानंच मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली, तर तुम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्यानं ते देणं रद्द होतं. आता घर दोघांचं, निम्मं निम्मं. भावानं हक्क सोडला, तर मात्र प्रश्नच मिटला.”

ताईनं भावाकडे पाहिलं.

“घरी विचारून सांगतो,” तो म्हणाला.

तिचे वडील, तात्या, वेताच्या खुर्च्या विणायचे. आई गेली तशी ताई त्यांच्यासमोर विणायला बसली, ती उठलीच नाही. तात्या आडवा वेत ओढायचे, ताई उभा ओढायची. तात्यांना खोकला लागायचा, ताई पाणी द्यायची. बोटं चिरली, केस पिकले, स्थळं दारापर्यंत आली आणि दारातूनच गेली. शेवटच्या आजारात तात्यांनी घर तिच्या नावावर लिहिलं आणि समोर राहणाऱ्या वायरमनला सहीला बोलावलं.

“दुसरा साक्षीदार लागेल तात्या. माझ्या भावाला हाक मारू?” वायरमननं विचारलं.

“परका कशाला? हिच्या हाताशिवाय माझं एक तरी काम पुरं झालंय का? कर गं सही.”

तिनं ओले हात फडक्याला पुसले आणि सावकाश, नीट अक्षरात सही केली. तात्या कितीतरी वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले होते.

वकीलबाईंकडून आल्यावर दोन दिवसांनी भावाचा फोन आला.

“ताई, पोरांच्या शिक्षणाचं आहे गं. विकून टाकू या. तू आमच्याकडेच ये ना राहायला.”

“खोल्या किती तुझ्याकडे?”

“दोन. हॉलमध्ये करू काहीतरी.”

“कर. खुर्चीला लागते तेवढीच जागा लागते मला.”

तो हसला नाही. तीही नाही.

घर रिकामं करायला वायरमन आपणहून आला. वेताची मोळी खांद्यावर घेता घेता थबकला.

“ताई, एक विचारू? घर तर तात्यांनी तुम्हाला दिलं होतं. मी डोळ्यांदेखत पाहिलंय. मग विकताय कशाला? त्या कागदात काही चुकलं का?”

ताई पाठमोरी होती. भिंतीवर तात्यांची पाठ टेकून टेकून एक गुळगुळीत डाग पडला होता, त्यावर तिचा तळहात होता.

“तात्यांचं काम कधी कच्चं होतं का?” ती म्हणाली. “मलाच एकटीला एवढं घर झेपेना.”

“तेही खरंच,” म्हणत तो मोळी घेऊन बाहेर गेला.

ताईनं टबात भिजत पडलेला वेत बाहेर काढला. त्याचं पाणी निथळू दिलं. मग त्याची गुंडाळी करून, अर्धवट राहिलेल्या खुर्चीच्या उघड्या चौकटीत अलगद ठेवली, आणि दिवा मालवला.