सदतीस नावांचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण मला हात लावायला याल तर हाती काही लागायचं नाही. बिश्केक शहरात इमारतींचे आराखडे काढणारी एक कचेरी आहे. तिथल्या संगणकातली एक फाईल म्हणजे मी. आराखड्यात ज्या खोलीच्या छताला मला लावतात, तिथे पुढे माझ्याबरहुकूम खरा दिवा मागवून बसवतात.

मला घडवलं तुर्गुनबेक यांनी. ते कचेरीतले सर्वांत वडीलधारे, म्हणून सगळे त्यांना अगाय, म्हणजे गुरुजी म्हणतात. तीन दिवस खपून त्यांनी माझी लांबी-रुंदी, मी किती वीज खातो, माझ्या उजेडाचा रंग कोणता, हे सारं माझ्या पोटात नीट लिहून ठेवलं. "झकास जमलाय गडी!" असं म्हणून ते चहा प्यायला गेले. मी कितीतरी शाळांत, दवाखान्यांत गेलो. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग कामं वाढली आणि माझे हाल सुरू झाले. कुणाला मोठा दिवा हवा, कुणाला पिवळसर उजेडाचा. खरं तर एकाच फाईलमध्ये माझे हवे तितके प्रकार करून ठेवता येतात, पण तेवढा धीर कुणाला? जो तो माझी नक्कल करायचा, तिला नवं नाव द्यायचा आणि पुढच्या कामाला पळायचा. 'दिवा नवीन', 'दिवा नवीन दोन', 'दिवा शेवटचा', 'दिवा शेवटचा, हाच घ्या'. होता होता मी एकाचा सदतीस झालो. मूळचा मी यादीच्या तळाशी पडलो. मला कुणी उघडेना, याचं फार वाईट वाटायचं.

अशात कोचकोर गावच्या बायकांचं काम आलं. लोकर दाबून केलेले जाड रंगीत कापड, म्हणजे नमदे, कापून, शिवून त्या जाड गालिचे करतात. त्यांना नवी शिवणशाळा बांधायची होती. आदल्या हिवाळ्यात जुन्या कोठीतल्या पिवळ्या दिव्याखाली जांभळा आणि तपकिरी रंग त्यांना सारखेच दिसले होते. चार महिन्यांचं काम उसवावं लागलं. यंदाही तसंच झालं असतं, तर निम्म्या बायका हे काम सोडून शहरात भांडी घासायला जाणार होत्या.

आराखडा कचेरीतल्या बेगायिम नावाच्या मुलीने काढला. दिव्यांची मागणी संध्याकाळी जायची होती, त्याच दिवशी दुपारी बायकांची म्होरकी बुरुल आपा आराखडा पाहायला आली.

"पोरी, आमच्या डोक्यावर कुठला दिवा लावतेस?"

"दिवसाच्या उजेडाचा, आपा. हे बघा, नावातच लिहिलंय."

"नावाचं काय सांगतेस! माझ्या दिराचं नाव बातिर, म्हणजे शूरवीर. कोंबडा अंगावर आला की पलंगावर चढतो! आत काय आहे ते दाखव."

बेगायिम हसत हसत ती नक्कल उघडायला गेली आणि तिचं हसू मावळलं. दिवसासारख्या उजेडाला रंगाचा आकडा पाच हजार लागतो. आत होता तीन हजार, म्हणजे पिवळाधमक. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! नक्कल करणाऱ्याने नाव तेवढं बदललं होतं.

"कुणाचा हा उद्योग?" ती ओरडली.

तुर्गुनबेक अगाय मान खाजवत उभे राहिले. "माझाच गं. घाईत होतो."

मला घडवणाऱ्यानेच माझी ही गत केली होती. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहून दयाच आली.

आपा मात्र खुर्ची ओढून बसली. "आम्ही लोकर रंगवली की प्रत्येक गड्डीला तिचाच एक धागा बांधतो. गड्डी सोडायला नको, धागा बघितला की कळतं. तुमच्याकडे गड्डी एक आणि चिठ्ठी दुसरीच! चहा आणा, आज हे आवरल्याशिवाय मी हलत नाही."

मग बेगायिम आणि अगाय कामाला लागले. त्यांनी मला तळातून वर काढलं. माझ्या एकट्याच्या पोटात चार प्रकार केले, आणि प्रत्येकाच्या नावात लांबी, वीज आणि उजेडाचा आकडा घातला, आत असेल तोच. आराखड्यात जिथे जिथे नकला होत्या, तिथे मला बसवलं आणि छत्तीस नकला पुसून टाकल्या. त्याही मीच होतो, म्हणून थोडी चुटपुट लागली. संध्याकाळी मागणी गेली, ती बरोबर दिव्यांची.

हिवाळा सरताना आपाने पाठवलेला एक फोटो आला. नव्या शिवणशाळेत गालिचे पसरले होते, त्यांत जांभळा जांभळा होता आणि तपकिरी तपकिरी. खाली लिहिलं होतं, 'पोरी, यंदा एकही टाका उसवला नाही. सगळ्याजणी इथेच आहेत.' अगायांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

मित्रांनो, माझ्यासारख्याला नवं नाव देण्याआधी आत एकदा डोकावून बघत जा. पुढे त्याच उजेडात कुणीतरी सुई ओवणार असतं.