सुटे सेल

इद्रिसने सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर टेकवलं, तसा चर्र आवाज झाला आणि समोर बसलेली त्याची बायको ग्वेंडा पुन्हा उठली. किटलीत पाणी होतंच, तरी तिने ती काठोकाठ भरली, खिडकीशी जाऊन बाहेर वाळत घातलेले टॉवेल पाहिले आणि परत येऊन बसली. सकाळपासून हेच चाललं होतं. सिगारेट सुटली की माणसाचं बूड म्हणून एका जागी टिकत नाही, हे इद्रिसने ऐकलं होतं. आता घरातच बघत होता.

टेबलावर मुठीत मावेल एवढी अक्रोडाच्या लाकडाची डबी होती. मोडीत काढलेल्या कपाटाच्या दारातून त्याने ती ग्वेंडासाठी कोरली होती, कारण दुकानातला व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, तिला आवडत नसे; खेळणं चोखल्यासारखं वाटतं म्हणायची. तिच्या पायाच्या शिरा आकसल्या होत्या. स्वान्सीच्या सर्जनने तोंडावर सांगितलं होतं, सिगारेट बंद असेल तरच ऑपरेशन, नाहीतर पुढेमागे पायच काढावा लागेल. पण उभा जन्म ओढण्यात गेलेली बाई नुसत्या धाकाने थोडीच सोडते? म्हणून हा सगळा खटाटोप. डबी झाली होती, वरचं वाफेचं नळकांडंही बसलं होतं. घोडं अडलं होतं ते बॅटरीवर.

इद्रिसला बॅटरी आत कायमची बसवायची होती. चपटी, दोन तारांची. एकदा तारांना डाख दिला, झाकण लावलं, की काढघाल नाही. ग्वेंडाला हवे होते सुटे सेल, एक संपला की दुसरा घालता येतील असे. त्यांच्यासाठीचा तयार खाचा तिने स्वतःच मागवून घेतला होता. तो नुसता दोन स्क्रूंनी बसायचा.

पंचाईत ही की दोघांचंही खरं होतं. मागे दुकानातल्या व्हेपने बॅटरी संपून भर बसमध्ये मान टाकली, तेव्हा ग्वेंडाने स्टॉपवर एका अनोळखी बाईकडे सिगारेट मागून ओढली होती, आणि घरी येऊन तसं सांगितलंही होतं. त्यानंतर तिने बहिणीचा जुना, सुट्या सेलचा व्हेप आणला. त्याचा जास्तीचा सेल कोटाच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकला, किल्ल्या सेलच्या टोकांना टेकल्या आणि चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असताना खिशातून धूर निघाला. कोट दाराबाहेर भिरकावावा लागला. शेजारची मिसेस बेनन अजून विचारते, आज काय पेटवणार म्हणून.

"तुझी बोटं आखडलीत," इद्रिस म्हणाला. "सेल उलटा घातलास म्हणजे?"

"उलटा घालायला मी आंधळी आहे का?"

"खिसा जाळलासच की."

"खिसा जळला. मी नाही."

तो पुन्हा वाकला. लाल तार काळीला न लागता चिकटायला हवी होती. दोन्ही एकमेकींना लागल्या तर बॅटरी फुगून पेट घेते, हे त्यानेच तिला सकाळी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. उजवं मनगट त्याने टेबलाच्या कडेला दाबून धरलं, वरून डाव्या हाताची पकड दिली. तरी टोक तारेवरून घसरलं आणि कालच्या दोन काळ्या डागांशेजारी फळीवर तिसरा डाग पडला.

चष्म्यावर किटलीची वाफ आली, असं तो पुटपुटला. किटली ग्वेंडाने चालूच केली नव्हती.

ती उठली. या वेळी खिडकीशी गेली नाही. खणातून चष्म्याचं जुनं घर काढून तिने त्याच्यापुढे उघडलं. आत फ्लॅनेलचे दोन कप्पे शिवलेले होते आणि त्यांत एकेक सेल निजवलेला होता. किल्ली काय, टाचणीही आत गेली नसती. प्रत्येक सेलच्या एका टोकाला नेलपॉलिशचा ठसठशीत लाल ठिपका होता, आणि खाच्याच्याही एका टोकाला तसाच. ग्वेंडाने बाहेरच्या टॉवेलांकडे बघत एक सेल खाच्यात घातला, काढला, परत घातला. न बघता. म्हणजे बाईंनी चोरून सराव केला होता तर. इद्रिसला हसू आलं आणि रागही आला.

"ठिपके झकास केलेस," तो म्हणाला. "आता तू चुकायची नाहीस."

"ते माझ्यासाठी नाहीत."

तिने हात लांब करून आयर्नचा प्लग भिंतीतून उपटला.

"नाताळात तू ग्रेव्ही सांडलीस आणि टेबलाचा पाय डुगडुगतोय म्हणालास," ती म्हणाली. "तू झोपल्यावर मी खाली शिरून पाहिलं. पाय धड आहे."

इद्रिसने उजवा हात टेबलाखाली घेतला. पत्र्याच्या कारखान्यात फिटर म्हणून याच हाताचं नाव होतं. अवघड काम आलं की साहेब आधी त्याला हाक मारायचे. त्याला भयंकर लाज वाटली.

"आधी तुझं ऑपरेशन होऊ दे. मग बघू माझं."

"सिगारेट मी तुझ्यापासून कधी लपवली नाही, इद्रिस. त्या स्टॉपवरचीसुद्धा नाही. तू हात कशाला लपवतोस?"

त्याने हात वर घेतला आणि फळीवर उताणा ठेवला. हात थरथरत होता. त्याने थरथरू दिला.

ग्वेंडाने त्यात सेल ठेवला आणि खाचा पुढे सरकवला. पहिल्यांदा सेल निसटून गडगडत बशीला जाऊन आपटला. तिने उचलून दिला नाही. त्याने स्वतःच तो शोधून आणला, ठिपक्याशी ठिपका जुळवला आणि अंगठ्याने दाबला. बसला.

"किटली लाव," तो म्हणाला. "आणि डॉक्टरकडे फोन तू कर. मला ते बोलायला जमायचं नाही."

"केलाय. गुरुवारी जायचंय," किटलीचं बटण दाबत ती पाठमोरीच म्हणाली.

मग ती त्याच्यासमोर येऊन बसली, आणि किटली उकळून आपली आपण बंद झाली तरी उठली नाही.