पुढच्या दाराची घंटी आणि मागच्या दाराची हाक

मी एक जुने घर आहे, मित्रांनो. हॉलंडच्या पूर्वेला, डूटिन्खेम गावाच्या कडेच्या वस्तीत मी उभे आहे. रस्त्यापलीकडची घरे एकमेकांना चिकटून बांधलेली आहेत. तिथे एकाने भिंतीत खिळा ठोकला की शेजारच्याची तसबीर हलते. माझ्या चारही भिंती मात्र माझ्या स्वतःच्या आहेत, आणि याचा मला थोडा तोरा आहे.

मला एका सुताराने बांधले. लाल विटा, उतरते कौलारू छप्पर आणि पुढे रंगीत काचांचे जाड दार. ते दार त्याने फार जीव ओतून घडवले, आणि मग जन्मभर क्वचितच उघडले. आमच्याकडे रीतच तशी आहे. पुढचे दार नव्या नवरीसाठी आणि माणसाच्या शेवटच्या प्रवासासाठी. एरवी पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे घराला वळसा घालून मागे येतात, चिखलाचे बूट पायरीवर काढतात, स्वयंपाकघराचे दार ढकलतात आणि हाक देतात, ‘आहे का कोणी घरात?’ आतून उत्तर येते, ‘या, कॉफी आहे.’ मला या दोन वाक्यांइतके गोड काही ऐकू आलेले नाही.

सुताराची सून हिल्ये वासिंक त्या पुढच्या दारातून नवरी होऊन आली. तिने माझ्या खिडक्या लख्ख ठेवल्या, माझ्या अंगणात नासपती लावली, माझ्या जिन्यावरून पडणाऱ्या पोरांना मलम लावले. जिना शिडीसारखा उभा आहे खरा. पुढे मुले आपापल्या गावी गेली. मग तिचा नवरा खेरितही गेला, त्याच पुढच्या दारातून. त्यानंतर ते दार कोणी उघडले नाही. ओल धरून ते फुगले, घंटीची तार तुटली, पन्हाळीत शेवाळ साचले. हिल्येच्या गुडघ्यांना जिना झेपेना. अखेर तिने मला विकून जवळच्याच एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचे ठरवले.

पहिला आला तो बिल्डर. बूट न काढता तो आत शिरला, कॉफीला बसला नाही, बागेला टेप लावून मोकळा झाला. भाव त्याने उत्तम दिला, पण तो माझ्या पायाखालच्या जमिनीचा होता. मला पाडून तो तिथे दोन नवी घरे उभी करणार होता. त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. त्याआधी रॉटरडॅमचे एक तरुण जोडपे चार वाजता मला पाहायला येणार होते. ती माणसे आली नाहीत तर बिल्डरला होकार देऊन टाकीन, असे हिल्येने शेजारच्या बेरेंडला कुंपणापाशी सांगितले. ते ऐकून माझी तुळईन् तुळई हादरली.

योरित आणि वेंडेला अगदी चारच्या ठोक्याला आले. पण आले ते शहराच्या रीतीने, पुढच्या दाराशी. त्यांनी घंटी दाबली. ती मुकीच. दार ठोठावले, तर त्या जाड लाकडाने आवाज गिळून टाकला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिकडे मागे हिल्ये कॉफी गाळून, कप मांडून बसली होती. एका टोकाला ते घड्याळ पाहत होते, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधे मी. मित्रांनो, चार भिंती असून तोंड नसावे, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

‘वेळ देऊन घरात नाहीत,’ वेंडेला म्हणाली. ‘विकायचंच नसेल यांना.’

ती दोघे फाटकाकडे वळली. आत हिल्येने टेलिफोन उचलला. एवढ्यात कुंपणावरून बेरेंडचे डोके वर आले.

‘काय हो, तुम्ही लग्नाचे की मयतीचे?’

‘आम्ही घर बघायला आलोय,’ योरित गडबडून म्हणाला.

‘मग मागून जा की. बूट काढा, हाक मारा आणि सरळ आत शिरा.’

‘न विचारता?’ वेंडेलाने विचारले.

‘हाक मारणं म्हणजेच विचारणं, बाई.’

मग मागच्या पायरीवर चार बूट निघाले आणि एक अनोळखी, लाजरा आवाज आला, ‘आहे का कोणी घरात?’

हिल्येने टेलिफोन खाली ठेवला. ‘या, कॉफी आहे,’ ती म्हणाली. ‘थंड झालीय, पण ती तुमच्यामुळेच.’

मग काय विचारता! योरित जमिनीची फळी उचलून माझ्या पोटाखाली सरपटला आणि केसांत कोळ्यांची जाळी घेऊन, तुळया दणकट आहेत असे सांगत हसत बाहेर आला. वेंडेलाने नासपती कधी फुलते ते विचारले. हिल्येने बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला. आमच्याकडे एकेक बिस्किट देऊन झाकण लावतात, त्यामुळे मागाहून आलेला बेरेंड काय ते समजला. बिल्डरला त्या संध्याकाळी नकार गेला.

ती दोघे राहायला आली. पन्हाळी साफ झाली, फुटकी कौले बदलली, पुढचे दार रंधा मारून हलके झाले, घंटीला नवी तार आली. मी पुन्हा तोऱ्यात उभे राहू लागले.

वसंतातल्या एका सकाळी ती घंटी खणखणली. मीच दचकले. दारात हिल्ये उभी होती, ठेवणीतला कोट घालून, हातात केक घेऊन. माझ्या दाराशी तिला अशी परक्यासारखी उभी पाहून मला भरून आले. वेंडेलाने दार उघडले.

‘वासिंकबाई, इकडून कशा आलात?’

‘आता घर तुमचं,’ हिल्ये म्हणाली. ‘पाहुण्यांसारखं यावं म्हटलं.’

‘तुम्ही पाहुण्या कधीपासून झालात? मागून या बघू.’

आणि वेंडेलाने चक्क दार लावून घेतले. हिल्ये क्षणभर बघतच राहिली. मग हसत हसत घराला वळसा घालून मागे गेली, बूट काढले, दार ढकलले. तिची हाक ऐकली आणि माझे छप्पर आनंदाने उडायचेच बाकी राहिले.

मित्रांनो, जुन्या घरांना सांभाळा. आम्हाला रंग लावा, कौले शाकारा, पन्हाळीतले शेवाळ काढा. पण आम्ही टिकतो ते आत-बाहेर करणाऱ्या माणसांमुळे, हे विसरू नका. आणि कधी इकडे आलात तर घंटी शोधत बसू नका. वळसा घाला, बूट पायरीवर काढा आणि हाक मारा. कॉफी आहे.